कल्याणच्या मुलखातील माळवदाचे घर

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गी जिल्ह्याच्या शिवेजवळ मुडबी हे गाव आहे. कानडी, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा या मुलखात एकाच बाजारात कानी पडतात. १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता, आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर हा भाग म्हैसूर राज्यात आला. राज्ये बदलली, सरकारी कागदांची भाषा बदलली. घर बांधण्याची रीत मात्र शिवेच्या दोन्ही बाजूंना एकच राहिली. ती रीत म्हणजे माळवदाचे घर.

किल्ला किंवा मशीद पाहावयास लोक दुरून येतात. माळवदाचे घर पाहावयास कोणी येत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना संरक्षण दिले आहे; परंतु ज्या घरात कोणी राजा राहिला नाही, त्याचे राष्ट्रीय महत्त्व कोणी कसे सिद्ध करावे? वास्तविक या मुलखातील माणूस उन्हाशी, पावसाशी आणि एकमेकांशी कसा जमवून राहिला, याची साक्ष किल्ल्यापेक्षा हे घरच अधिक नेमकेपणाने देते.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचांची दाट पाथरण आणि तिच्यावर मातीचा जाड थर. घराचे माप खणांत सांगावयाचे. दाराशी ढेलज, मग अंगण, त्याभोवती सोपे, आत माजघर आणि देवघर. भिंती दोन-अडीच हात रुंद. त्यांच्याच पोटात धान्याची बळदे. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असता माजघरात गारवा असतो तो या जाडीमुळे. माळवदावर उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत, रात्री घरातील मंडळी तेथेच निजत, आणि शेजारच्या माळवदावरील माणसांशी बोलणे चाले. मृगापूर्वी गवत उपटून पांढऱ्या मातीचा नवा थर वर चढविला की पावसाळ्याची चिंता नसे. हे काम एकट्याचे नव्हे. त्याला सारे घर लागे.

आणि येथेच या घराचे दुखणे सुरू होते. ते समजण्यासाठी मुडबीहून याच तालुक्याच्या मुख्य ठिकाणी, बसवकल्याणला जावे लागते. अकराव्या शतकात चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने आपली राजधानी मान्यखेटाहून तेथे आणली. पुढे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात तेथेच विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका रचली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क असतो, हे तिचे प्रसिद्ध मत. इंग्रजी अमलात कोलब्रुक याने १८१० साली तिच्या दायविभागाचे भाषांतर केले आणि बंगालसारखा प्रदेश वगळता बहुतेक हिंदुस्थानात न्यायालयांनी तिचाच आधार घेतला. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही तो जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि तो फार उशिरा मिळाला असेच म्हणावे लागेल. ज्या भूमीत वारशाचा एवढा सूक्ष्म विचार झाला, तेथील वारशाची घरे आज वाटण्यांपायी पडतात, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे. दोष विज्ञानेश्वराचा नाही. त्याने हक्क वाटून दिला. पण मृगापूर्वीची माती कोणी चढवावयाची, हे ज्याने त्याने आपापसांत ठरवावयाचे होते. चार भावांत चार खण वाटले जातात, मधली भिंत उभी राहते, एक भाऊ पुण्याला, दुसरा हैदराबादला. एका खणाची डागडुजी राहिली की पाणी शेजारच्या खणात शिरते, सर कुजतात, आणि मग शाबूत खणाचाही जीव जातो.

या दुखण्यावर १९९३ साली भीतीची भर पडली. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसे मेली. धक्का सीमेअलीकडे बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतही बसला. माणसे मेली ती बव्हंशी याच दगडमातीच्या घरांखाली. त्यामुळे जुने घर म्हणजे मृत्यूचा सापळा, ही समजूत घरोघर रुजली. ती खोटी म्हणता येणार नाही, पण ती अपुरी आहे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगवेगळे रचून मध्ये दगडगोटे व माती भरलेली असे. दोन्ही अंगांना बांधणारे लांब दगड फारसे घातलेले नसत. धक्का बसताच दोन अंगे फाकली आणि भिंत ढासळली. शिवाय गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे चढविलेली माती इतकी साचली होती की छपराचे ओझे भयंकर झाले होते. ज्या काळजीने घर टिकले, तीच शेवटी उरावर आली! मात्र जेथे खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, अशा कित्येक ठिकाणी भिंती पडूनही माळवद खांबांवर तसेच उभे राहिले. जुन्या सुतारांनी छपराचा भार भिंतीवर न टाकता लाकडावर तोलला होता, हे तेव्हा दिसून आले.

भूकंपानंतर ५२ गावे नव्याने वसविण्यात आली. सरळ रस्ते, आखीव भूखंड, सिमेंटची घरे. त्या घाईत दुसरे काही करणे कठीणच होते. पण त्याच वेळी तज्ज्ञांनी उभ्या घरांसाठी जे उपाय सुचविले, ते फार खर्चाचे नव्हते. माळवदावरची जादा माती काढून ओझे हलके करावे, भिंतीत ठिकठिकाणी दोन्ही अंगे जोडणारे दगड बसवावेत, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकूड ठोकावे. काश्मीरचा पाकव्याप्त भाग ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा लाकडी चौकटीत दगडमाती भरलेली तेथील धज्जी पद्धतीची घरे अधिक टिकली असे दिसले, आणि पुढील पुनर्बांधणीत सरकारनेच त्या पद्धतीला मान्यता दिली. आपल्याकडे खणाच्या सांगाड्याच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही. त्याची पारख झाली ती जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून. तो खांब आणि तुळया उतरवून नेतो, कोरीव दार निराळ्या भावाने घेतो, आणि ते एखाद्या शहरातील उपाहारगृहात शोभेला लागते. रोख रकमेची वाटणी मात्र बिनतक्रार होते.

मुडबीसारख्या गावी आज जे घर अजून उभे आहे, त्याला संग्रहालय करण्याची गरज नाही. त्यात माणसे राहावीत, वीज असावी, शौचकूप असावा, हवे तर अंगणाच्या एका बाजूला पक्की खोलीही उठवावी. खण वाटले तरी सांगाडा, माळवद आणि त्यांचा वार्षिक खर्च सामाईक ठेवावा, अशी एक ओळ वाटणीपत्रात घालावयास कोणताही कायदा आड येत नाही.