उष्णता काठापर्यंत पोहोचली का?



माझं म्हणणं एकच आहे, तेव्हा थेट त्याकडे वळतो.

कर्करोगाच्या गाठीत रोवायचा मायक्रोवेव्ह अँटेना दिसायला अगदी साधा असतो. दीड-दोन मिलिमीटर जाडीची कोॲक्सिअल केबल आणि टोकाजवळ तिच्या बाहेरच्या वाहकात कापलेली एक बारीक खाच. २.४५ गिगाहर्ट्‌झची लहर हवेत सुमारे १२ सेंटीमीटर लांब असते, यकृतात ती २ सेंटीमीटरच्याही आत येते. म्हणून एवढ्याशा सुईतून काम भागतं. ४१ ते ४५ अंशांवर पेशी किरणोपचारापुढे दुबळ्या होतात, ते हायपरथर्मिया. ६० अंशांपुढे त्या जवळजवळ लगेच मरतात, ते ॲब्लेशन.

आता आपल्या प्रयोगशाळेतलं दृश्य आठवा. बाजारातून कलेजी आणायची, अँटेना खुपसायचा, काही मिनिटं वीज द्यायची आणि सुरीने मधोमध चिरायचं. फिकट पडलेला लंबगोल दिसतो, मध्ये सुईलगत काळपट पट्टा. कधी त्या लंबगोलाला मागच्या बाजूला शेपूट फुटलेलं असतं. केबलच्या बाहेरून परतणाऱ्या प्रवाहाने वाटेतलं निरोगी मांसही भाजलेलं असतं. त्यावर हा परतणारा प्रवाह अडवणारा चोक आणि पाण्याने थंड ठेवलेली नळी हे उपाय आपल्याला ठाऊक आहेत. लंबगोल मोजून आपण समाधानाने निबंध लिहितो.

पण त्या कलेजीत रक्त वाहत नसतं! रुग्णाच्या यकृतात गाठीला खेटून मोठी शीर असली, की रक्त ती उष्णता सतत वाहून नेतं आणि नेमका शिरेकडचा काठ कोमट राहतो. गाठ पुन्हा वाढते ती अनेकदा तिथूनच. शिवाय ऊती तापल्या की त्यांतलं पाणी उडतं, विद्युत गुणधर्म बदलतात आणि ३७ अंशांवर जुळवलेला अँटेना उपचाराच्या मध्यावर बेजुळ होतो.

उष्णता पुरेशी पोहोचली नाही तर निष्कर्ष कसे फसवतात, ते पाहा. अमेरिकेतल्या रेडिएशन थेरपी ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या चाचणीचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. परत उद्भवलेल्या वा हटत नसलेल्या गाठींत किरणोत्सर्गी स्रोत रोवले आणि एका गटाला सोबत आतून उष्णताही दिली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. उष्णता निरुपयोगी, असा बोभाटा झाला. मात्र पुरेशा उष्णतेचा किमान निकष पूर्ण झाला होता अवघ्या एका रुग्णात! औषध पोटात गेलंच नाही आणि औषध लागू पडलं नाही, यांत फरक करायला नको का?

दोनच वर्षांनी, १९९८ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या चमूने ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरचा अनुभव मांडला. रोवलेल्या किरणस्रोतांच्या आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास मायक्रोवेव्ह अँटेनांनी गाठ तापवली. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण उष्णता मिळालेल्या गटात ३१ टक्के होतं, दुसऱ्या गटात १५. चाचणी लहान होती, तेवढ्यावर उपचारपद्धती उभी राहत नाही. तरी उष्णतेवर फुली मारणाऱ्यांनी हा आकडाही डोळ्यांआड करू नये.

जनरेटरवर दिसणारे वॉट म्हणजे रुग्णाला मिळालेली मात्रा नव्हे. तापमान गाठीतच मोजावं लागतं. पण ते मोजणारा धातूचा थर्मोकपल मायक्रोवेव्हच्या क्षेत्रात खोटं बोलतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मग प्रकाशतंतूचे संवेदक महाग पडतात म्हणून ते टाळायचे कशाला?

माझी या सभागृहाला कळकळीची विनंती आहे. पुढच्या अधिवेशनात रुग्णांवरील उपचाराचा निबंध सादर करणाऱ्या प्रत्येकाने गाठीच्या काठावरचं, विशेषतः शिरेलगतचं, तापमान किती वेळ किती होतं ते लिहावं, आणि जिथे ते मोजता आलं नाही तिथे तसं स्पष्ट नोंदवावं. डॉक्टरांनी पुन्हा वाढलेल्या गाठींची चित्रं आम्हा अभियंत्यांना दाखवावीत, ती नेमकी कुठून वाढली ते खुणेनिशी. नवा अँटेना आम्ही त्यावरूनच आखू.