भुताची सूचना आणि माणसाचा अधिकार



कामगारांच्या सभांत बोलणारे आम्ही या व्यासपीठावर भुताची गोष्ट काढली, तर आमचे सोबतीच हसतील. पण आजचा विषय तोच आहे. डिसेंबर १९७६ मध्ये, नाताळच्या तोंडावर, इंग्लंडात बीबीसीने 'द सिग्नलमन' हे छोटेसे दूरदर्शन-नाट्य दाखविले. चार्ल्स डिकन्सच्या १८६६ च्या कथेवरून ते अँड्र्यू डेव्हिस यांनी लिहिले, लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांनी दिग्दर्शित केले आणि सिग्नलवाल्याची भूमिका डेनहोम एलियट यांनी केली. आम्ही ते दोनदा पाहिले. मध्ये वीस वर्षे गेली.

कथा थोडक्यात अशी. खोल खिंडीत, बोगद्याच्या तोंडाशी एक सिग्नलवाला एकटाच काम करतो. एका प्रवाशाशी त्याची ओळख होते. त्याला तो सांगतो की, बोगद्याच्या लाल दिव्याखाली एक आकृती दिसते, हातवारे करून सावध करते, आणि मागोमाग अनर्थ होतो. एकदा बोगद्यात अपघात झाला. पुढे गाडीतल्या एका तरुणीचा जीव गेला. आता ती आकृती तिसऱ्यांदा दिसते आहे. शेवटी इंजिनाखाली सापडतो तो खुद्द सिग्नलवालाच.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा अंगावर काटा आला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निकाल देऊन टाकला: कसब उत्तम, पण शिकवण दैववादाची. जे व्हायचे ते होणारच, हे ऐकून मजुराने काय करावे?

दुसऱ्यांदा पाहताना भुताचे भय वाटले नाही. भय वाटले ते त्या माणसाच्या अडचणीचे. त्याच्या हाताशी तारयंत्र आहे. धोका आहे, एवढे तो कळवू शकतो. पण कोणता धोका, कोठे, असा उलट सवाल आला, तर त्याच्यापाशी उत्तर नाही. लोक वेडा म्हणतील, नोकरी जाईल. ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याला सोडून ही सूचना आपल्यालाच का, हा त्याचा खरा आक्रोश आहे. आणि तो प्रवासी? सुशिक्षित, सभ्य, कनवाळू. डोळ्यांचा दोष असेल, तारांतून वारा घोंगावत असेल, अशी समजूत घालून तो आपल्या मुक्कामी परततो.

त्या प्रवाशात आम्हांस आमचा चेहरा दिसला. एका कारखान्यातील आमचा एक सभासद रात्रपाळीला बॉयलरवर असे. आवाज बदलला आहे, असे तो आठवडाभर सांगत होता. नेमके काय बदलले, ते त्याला सांगता येईना. फोरमन हसला. आम्ही हसलो नाही, आम्ही म्हणालो, "नीट लिहून आण, मग पुढे नेऊ." लिहून येण्याआधीच वाफेच्या नळाचा सांधा सुटला. जीव वाचला, पण उजवा हात कामातून गेला. आम्ही त्याच्याशी कठोर वागलो नव्हतो. प्रवासीही वागला नव्हता.

डिकन्सला हे भय कल्पनेतून सुचले नसावे. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे रूळ काढलेल्या पुलावर आगगाडी घसरली. दहा माणसे दगावली. डिकन्स त्याच गाडीत होता आणि त्याने जखमींची शुश्रूषा केली. त्याआधी ऑगस्ट १८६१ मध्ये क्लेटनच्या बोगद्यात दोन गाड्यांची टक्कर होऊन तेवीस जण मेले. तेथील सिग्नलवाला पूर्ण दिवसाची सुटी मिळावी म्हणून सलग चोवीस तासांची पाळी करीत होता. इंग्लंडातील रेल्वे नोकरांची संघटना उभी राहिली ती १८७१ मध्ये, आणि त्यांच्या कामाच्या तासांविषयी कायदा झाला तो १८९३ मध्ये.

नाटकात यांपैकी काही नाही, हे आम्ही कबूल करतो. ते संघटनेचे पत्रक नव्हे; त्यातले भूत शेवटपर्यंत भूतच राहते, आणि तसेच राहावे. पण दैववादाचा आमचा आरोप आम्ही आज मागे घेतो. धोका आधी ज्याला कळतो, त्याला गाडी थांबविण्याचा अधिकार नसतो, एवढे त्या नाटकाने आम्हांस दाखविले. आता कोणी सभासद येऊन नुसते "काही तरी बिघडले आहे" म्हणाला, तर आम्ही कागद मागत नाही. उठून त्याच्याबरोबर चालू लागतो. पुष्कळदा काही निघत नाही. तेवढी पायपीट परवडते.