घरांतील पहिलें फेरेट

पुण्यांतल्या मुलांना मुंगूस ओळखावयास शिकवावें लागत नाहीं. पर्वतीच्या पायथ्याशीं, वेताळ टेकडीच्या उतारावर, कालव्याकांठच्या झुडपांत किंवा एखाद्या जुन्या बंगल्याच्या कुंपणांतून तें लगबगीनें निघून जातें, आणि मुलें त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखविण्याची विनवणी करितात. कामाला निघतांना मुंगूस दिसलें तर वडील माणसांनाही बरें वाटतें. या ओळखीच्या प्राण्याशीं रूपानें पुष्कळसें जुळणारें एक परदेशी जनावर आपल्याकडील मोठ्या शहरांतून अलीकडे हौसेनें पाळूं लागले आहेत. त्याचें नांव फेरेट. लांबट लवचिक अंग, आंखूड पाय, चिमुकले गोल कान आणि पुष्कळदां डोळ्यांवरून गेलेला काळसर पट्टा, असें त्याचें रूप. चित्र पाहून मुलें हट्ट धरितात, आणि वडीलमंडळी पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा. वास्तविक तो सर्वांत शेवटीं विचारावयाचा प्रश्न आहे.

रूप सारखें म्हणून कूळ सारखें असें मात्र नाहीं. मुंगसाचें कूळ निराळें. फेरेट हें पाणमांजराच्या कुळांतलें. युरोपांतील पोलकॅट नांवाचें रानटी जनावर हें त्याचें मूळ मानितात, आणि माणसानें तें पाळावयास लागून सुमारें अडीच हजार वर्षें झालीं असावींत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पाळलें तें कौतुकासाठीं नव्हे, कामासाठीं. भूमध्य समुद्रांतल्या बॅलिअरिक बेटांवर सशांनीं पिकांचा असा फडशा पाडला कीं, तेथील रहिवाशांनीं सम्राट ऑगस्टस याजकडे सैन्याची मदत मागितली, असें रोमन ग्रंथकार प्लिनी यानें लिहून ठेविलें आहे. आणि सशांना बिळांतून हुसकावण्यासाठीं सोडल्या जाणाऱ्या अशाच एका प्राण्याचाही त्यानें तेथें उल्लेख केला आहे. ‘फेरेट’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ चोर. हें नांव प्राण्यानें किती सार्थ केलें आहे तें पुढें येईलच.

यावर कोणी म्हणेल, परदेशी जनावर कशाला, आपलें मुंगूसच पाळावें. पूर्वीं पाळीतही असत. पंचतंत्रांतल्या ब्राह्मणाच्या घरचें मुंगूस सर्वांना ठाऊक आहे. आणि १८६५ सालीं मुंबईंत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगनें १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्यें एका इंग्रज कुटुंबाच्या बंगल्यांतल्या मुंगसाला नायक करून जगभर नेलें. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगसाला आश्रय दिला आहे. तें पकडणें, विकणें किंवा घरांत कोंडून ठेवणें हा आज गुन्हा आहे, आणि असावाच. कारण चित्रकारांच्या कुंचल्यांना लागणाऱ्या केसांसाठीं त्याची होणारी हत्या अजून पुरती थांबलेली नाहीं. जखमी मुंगूस सांपडलें तर तें वनखात्याच्या स्वाधीन करावें, एवढाच त्याचा व गृहस्थाचा संबंध.

फेरेटाची गोष्ट वेगळी. तें पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखालीं वाढलेलें जनावर. तरीही तें आलें कोठून, हें पाहिलें पाहिजे. परदेशांतून जिवंत प्राणी आणण्यास सरकारी परवानगी लागते. आणि २०१८ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंद केल्यावांचून पाळीव प्राण्यांचें दुकान चालवितां येत नाहीं. पिल्लूं कोठें जन्मलें, त्याची आई कोठें आहे, लशी कोणत्या टोंचल्या, कागद कोठें आहेत, हें सर्व विचारावें. विक्रेता उत्तर देतांना घुटमळला तर पिल्लूं कितीही गोजिरवाणें असो, मागें फिरावें.

आतां खरा प्रश्न हवेचा. फेरेट हें थंड मुलखांतलें. त्याच्या अंगाला घाम येऊन तें थंड होत नाहीं. हवा तीस अंशांच्या आसपास गेली कीं त्याचा जीव कासावीस होऊं लागतो, आणि त्यापुढें उष्माघातानें तें थोड्या वेळांत दगावूंही शकतें. पुण्याची हवा थंड अशी कीर्ति आहे. पण ती कीर्ति संध्याकाळची आहे. चैत्र-वैशाखांतली दुपार अडतीस अंशांच्या पुढेंही जाते, आणि गच्चीखालची खोली त्याहून तापते. पुष्कळांचा असा समज असतो कीं, पिंजऱ्यावर पंखा सोडला म्हणजे झालें. पंखा हवा थंड करीत नाहीं. माणसाच्या अंगावरचा घाम वाळवून तो माणसाला गारवा देतो. ज्याला घामच नाहीं त्याला भर दुपारचा पंखा म्हणजे ऊन वाऱ्याचा झोत. म्हणून ज्या घरीं हवा थंड ठेवणारें यंत्र असलेली एखादी तरी खोली नाहीं, त्या घरीं फेरेट आणूं नये. यंत्र असलें तरी काम पुरें होत नाहीं. दुरुस्तीसाठीं दुपारभर वीज बंद राहिली आणि घरचीं सर्व माणसें कामावर गेलेलीं असलीं, तर त्या बंद खोलींत काय होईल याचा विचार आधींच करून ठेवावा. शेजाऱ्याकडे किल्ली असावी. थंडगार फरशी, पाण्यानें भरलेलें पसरट भांडें आणि कापडांत गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या हाताशीं असाव्यात. फेरेट तोंड उघडून धापा टाकीत लोळागोळा होऊन पडलें तर त्याचें अंग साध्या गार पाण्यानें भिजवावें, बर्फाच्या पाण्यांत बुडवूं नये, आणि तसेंच डॉक्टरकडे न्यावें.

हवेनंतर अन्न. येथें सदाशिव-नारायण पेठांतल्या पुष्कळ घरांची पंचाईत होणार आहे. या घरांतून मांजर दूधपोळीवर वाढलें, आणि जें कमी पडलें तें त्यानें उंदरांत भागवून घेतलें. फेरेटाला ही सोय नाहीं. तें निव्वळ मांसाहारी आहे. त्याचें आंतडें आंखूड; खाल्लेलें अन्न तीन-चार तासांत बाहेर पडतें. धान्य, भाजी, फळें यांचें पचन त्याला साधत नाहीं, दुधानें त्याला ढाळ लागतात, आणि गोड पदार्थ तर त्याला मुळींच देऊं नयेत. कोंबडीचें मांस, अंडें, किंवा मांजराच्या पिल्लांसाठीं मिळणारें भरपूर मांसाचें कोरडें अन्न, हें त्याचें जेवण. आणि तें दिवसांतून पुष्कळदां थोडें थोडें लागतें. श्रावणांत ज्या घरीं अंडेंही येत नाहीं त्या घरानें हें आधीं ठरवावें. शाकाहार पाळण्यांत कमीपणा कांहींच नाहीं, आणि फेरेट न पाळण्यांतही नाहीं. परंतु घरचें व्रत मुक्या जनावराकडून पाळवून घेणें हा अन्याय आहे. आणि त्या व्रताचें उद्यापन त्या प्राण्याच्या मरणानें होतें.

तिसरी गोष्ट डॉक्टरची. गुरांचे व कुत्र्यांचे डॉक्टर शहरांत पुष्कळ आहेत. औंधला तर गुराढोरांच्या व कोंबड्यांच्या लशी तयार करणारी सरकारी संस्थाच आहे. पण फेरेटावर उपचार केलेला डॉक्टर मिळणें कठीण, म्हणून प्राण्याच्या आधीं डॉक्टर शोधावा. कुत्र्यांमध्यें पसरणारा डिस्टेंपर हा रोग फेरेटाला झाला तर तें बहुधा वांचत नाहीं, आणि हा रोग गल्लींतल्या कुत्र्यांपासून माणसाच्या कपड्यांबरोबरही घरांत येऊं शकतो. लस टोंचावी हें खरें. पण कुत्र्यांसाठीं केलेल्या कांहीं लशींतला दुबळा केलेला विषाणुच फेरेटाला रोग देऊं शकतो, हें ठाऊक असलेल्या डॉक्टरकडूनच ती टोंचवावी. मादीची काळजी आणखी वेगळी. ती माजावर आली आणि नर मिळाला नाहीं तर तिचा माज आपोआप ओसरत नाहीं. तो लांबत जाऊन हाडांतली मज्जा रक्त तयार करीनाशी होते आणि मादी मरते. वेळीं शस्त्रक्रिया किंवा औषध हाच त्यावर उपाय.

माणसाचें पडसें मात्र फेरेटाला सहज लागतें, आणि या दुबळेपणानें वैद्यकावर मोठे उपकार केले आहेत. १९३३ सालीं लंडनच्या संशोधकांनीं इन्फ्लुएंझाच्या रोग्यांच्या घशांतला स्राव फेरेटांच्या नाकांत घातला; फेरेटें शिंकूं लागलीं, आणि माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु पहिल्यानें हातीं लागला. पुढें एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकलें आणि तो स्वतःच अंथरुणाला खिळला. २००९ च्या ऑगस्टमध्यें नव्या इन्फ्लुएंझाचा देशांतला पहिला बळी ज्या शहरांत पडला त्या पुण्याला या रोगाची ओळख सांगावयास नको. घरांत कोणाला ताप-पडसें असेल तर त्यानें फेरेटापासून दूर राहावें, आणि फेरेट शिंकत असेल तर मुलांना त्यापासून दूर ठेवावें.

हें सर्व जमण्यासारखें असेल तर मात्र त्या घरांत मोठी करमणूक येणार आहे. नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यांत निदान दोनदां घाबरावयाची पाळी येते. एकदां, फेरेट गाढ झोपलेलें असतें तेव्हां. दिवसाचे चौदा ते अठरा तास तें झोपतें, आणि ती झोप अशी कीं उचललें तरी मान टाकून लोंबकळतें. घरचीं माणसें तें मेलें असें समजून रडूं लागतात, आणि तें जांभई देतें. दुसऱ्यांदा, तें आनंदांत येतें तेव्हां. पाठीची कमान करून, तोंड उघडें टाकून, आडव्यातिडव्या उड्या मारीत तें भिंतीवर, पलंगावर, कोणाच्याही पायावर आदळतें. झटका आला असें वाटून कोणी डॉक्टरकडे धांवतो, पण तें केवळ खेळावयास बोलावीत असतें. एका फेरेटापेक्षां दोन असलेलीं बरीं. एकट्याला करमत नाहीं.

चोरीचा उल्लेख वर आलाच आहे. किल्ल्या, पायमोजे, चष्म्याची पिशवी, पेन्सिली, जें ओढून नेतां येईल तें नेऊन तें कपाटामागें सांठा करितें. पायमोजाच्या चोरीनें घर बुडत नाहीं. रबराची चोरी मात्र जिवावरची. चपलेचा रबर, खोडरबर, बाटलीचें बूच हें फेरेटाला फार प्रिय. त्याचा तुकडा गिळला कीं आंतड्यांत अडकतो आणि पोट फाडून काढावा लागतो. दाराशीं चपलांचा ढीग ठेवण्याची आपली चाल फेरेटाच्या घरीं सोडावी लागेल. मोरीचें भोंक, धुण्याच्या यंत्रामागची फट, खिडकीच्या गजांमधली जागा, जेथून त्याचें डोकें जाईल तेथून तें सबंध जातें. म्हणून जाळीनें घर आधीं बंद करावें आणि मग प्राणी आणावा. घरीं पोपट, ससा किंवा पांढरे उंदीर असतील तर ते त्याच्या दृष्टीनें सोबती नव्हेत, शिकार आहेत. पिल्लूं प्रथम चावरें असतें. मारल्यानें तें अधिकच चावतें, धीरानें शिकतें. अंगाला वास असतो तो असतोच, आणि वारंवार न्हाऊं घातल्यानें तो उलट वाढतो. पंचतंत्रांतलें मुंगूस पाळण्याजवळ राखण करीत होतें. फेरेटाला तान्ह्या मुलाजवळ एकटें क्षणभरही सोडूं नये.

हौस फिटली, तर काय? फेरेट सहा ते आठ वर्षें जगतें, आणि उतारवयांत त्याला ग्रंथींचे रोग पुष्कळदां जडतात. अशा वेळीं पिंजरा टेकडीवर नेऊन दार उघडण्याचा मोह कोणालाही होऊं नये. बहुतेक फेरेटें पहिल्या उन्हाळ्यांतच मरतील. जगलीं तर काय होतें तें न्यूझीलंडला विचारावें. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सशांच्या बंदोबस्तासाठीं फेरेटें सोडलीं. त्यांनीं ससे तर संपविले नाहींत, पण जमिनीवर अंडीं घालणाऱ्या तिकडच्या पक्ष्यांची धूळधाण केली. २००२ सालीं त्या देशानें फेरेटांची पैदास व विक्री कायद्यानें बंद केली. याबाबत आपण परक्यांना नांवें ठेवण्याचेंही कारण नाहीं. १८७२ सालीं कलकत्त्याहून नऊ मुंगसें जमेकाला नेलीं, उंसांतले उंदीर मारण्यासाठीं. त्यांच्या वंशानें त्या बेटांवरचे पक्षी व सरडे यांचा संहार मांडला. वेताळ टेकडीवर मोर आहेत, गवतांत लावे आहेत. ज्याला फेरेट नकोसें झालें असेल त्यानें तें सांभाळूं इच्छिणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाच्या हातीं समक्ष द्यावें.

उलट, ज्याला हवेंसें वाटत असेल त्यानेंही आधीं असें एखादें कुटुंब शोधावें. अशा घरचें मोठें झालेलें, माणसाळलेलें जनावर पहिल्यानें पाळणाऱ्यास दुकानांतल्या पिल्लापेक्षां सोयीचें पडतें. आणावयाचें तें दिवाळी उलटल्यावर, हवेंत गारवा आला म्हणजे. कार्तिक ते माघ हे चार महिने त्याला घर समजावयास मिळतात, आणि घरालाही त्याच्या खोड्या कळतात. डॉक्टरकडे दोन खेपा होऊन जातात, जाळ्यांतलीं राहून गेलेलीं भोंकें सांपडतात, आणि होळीनंतर ऊन तापूं लागेल तेव्हां थंड खोलींत त्याची जागा ठरलेली असते.