कोल्हापूरचा न्यू पॅलेस: बघायचा कसा?

नागझिरा अभयारण्यातल्या गाईडला वाघाचा खांदा चालताना कसा हलतो, हे सांगावं लागत नाही. तो कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये गेला, तर तिथल्या म्युझियममधल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांसमोर त्याच्याइतका जाणकार प्रेक्षक दुसरा नसेल. संस्थानांच्या काळी अनेक संस्थानिकांच्या शिकारी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या कारागिरांकडे जात. ते आधी कागदाच्या लगद्याचं धड घडवत आणि त्यावर कातडं चढवत. म्हणजे ही एक प्रकारची मूर्तिकलाच. पंजा जमिनीवर खरंच टेकलाय की नुसता ठेवलाय, इथंच कारागीर कळतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा हा शौक थांबला, ते बरंच झालं.

पण मंडळी, खरी कलाकृती आहे ती इमारत.

काळ्या घडीव दगडाचा हा वाडा १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला. आराखडा मेजर चार्ल्स मँट या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरचा. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स इथं वारले. तिथल्या त्यांच्या स्मारकाची छत्रीही मँटनंच आखली. पॅलेस पुरा झालेला मात्र त्यानं पाहिला नाही. १८८१ मध्येच तो गेला.

आधी लांबून पाहावं. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्यावरचं घड्याळ थेट विलायती वळणाचं. भोवतीच्या छत्र्या, कमानी गुजरात-राजस्थानच्या मंदिर-महालांतून आलेल्या. हा मेळ काहींना ओढूनताणून केलेला वाटतो. जवळ गेल्यावर तो आक्षेप बराच सैल होतो, कारण सगळ्याला एका काळ्या दगडानं बांधून ठेवलंय. सजावट जिथं दाटते, तिथंही रंग बदलत नाही.

रंग राखून ठेवलाय तो आतल्या दरबार हॉलसाठी. दोन मजल्यांची उंची, देवळाच्या मंडपासारख्या कोरीव कमानी आणि रंगीत काचांच्या खिडक्यांत शिवचरित्रातले प्रसंग. चर्चमध्ये संतांच्या कथा सांगणारं हे तंत्र इथं मराठ्यांचा इतिहास सांगतं! काचेला उजेड मागून लागतो, तेव्हा भेट भर दिवसा द्यावी. एकेक प्रसंग ओळखत भिंतीच्या कडेनं फिरावं आणि मग सिंहासनाकडे वळावं.

तळमजल्यावर १९७४ पासून शहाजी छत्रपती म्युझियम आहे. वरच्या मजल्यावर आजही राजघराणं राहतं, त्यामुळे वर जाणारा जिना प्रेक्षकांसाठी बंद.