कात्रजचं पाणी

वडगाव निंबाळकरच्या शिवारात नीरा डाव्या कालव्याचं पाणी खेळतं. पाणी उतारानं कसं न्यायचं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून आज पुण्याची एक जुनी, विस्मृतीत गेलेली गोष्ट ऐकू या.

1750च्या सुमाराची गोष्ट. पुणं वाढत होतं, पाणी अपुरं पडत होतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगरालगत तलाव बांधवले. एकात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी दुसऱ्यात यायचं. तिथून चुन्याच्या पक्क्या बांधकामाचा नळ जमिनीखालून थेट शहरात, शनिवारवाड्यापर्यंत आणला. नळ म्हणजे चिंचोळं भुयारच, माणूस आत उतरून चालू शकेल एवढं. ना पंप, ना वीज. सारी करामत उताराची.

मला सर्वांत नवल वाटतं ते वाटेवरच्या उच्छ्वासांचं. नळात कोंडलेली हवा आणि पाण्याचा दाब मोकळा व्हावा, म्हणून ठरावीक अंतरावर हे उंच दगडी मनोरे उभारले. त्यांतूनच आत उतरून गाळ काढता यायचा. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी देखभालीचाही इतका बारीक विचार!

हे पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं आणि लोक तिथून घागरी भरून न्यायचे. साततोटी हौद, फडके हौद, बदामी हौद, काळा हौद... बसमधून पुण्यात उतरलात की यांतली काही नावं आजही चौकांच्या पाट्यांवर दिसतील. पत्ता विचारणाऱ्या कितीकांना ठाऊक नसतं, की तिथं खरोखर कात्रजचं पाणी येत होतं.