समुद्र, कुटुंब आणि उतारवयातील विसावा
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कुरवंडे येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. धर्मग्रामाचा इतिहास सांगणारे आमच्याहून जाणते वक्ते ह्या सभेत आहेत, तेव्हा तो प्रांत आम्ही त्यांच्याकडेच सोपवितो. आम्हांजवळ सांगण्याजोगे जे काही आहे ते वयाने दिलेले आहे. म्हणून उतारवय, त्या वयातला विसावा आणि त्या विसाव्यातले कुटुंबाचे स्थान ह्यांविषयी, आणि ज्या समुद्राने ह्या गोष्टी आम्हांस प्रथम दाखविल्या त्या समुद्राविषयी, आज थोडेसे निवेदन करावे असे योजिले आहे.

कोणी म्हणेल, डोंगरमाथ्यावरच्या कुरवंड्यास येऊन समुद्राच्या गोष्टी कशाला? लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. येथे होडी नाही, जाळे नाही, वाळू नाही. परंतु ह्या डोंगराचे आणि त्या समुद्राचे नाते फार जुने आहे. जवळच्या कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत वसईशेजारच्या सोपाऱ्याहून आलेल्याचेही नाव आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बंदरावरची माणसे हा घाट चढून येथे येत होती. कुरवंड्याची घाटवाट कोकणात उतरते, आणि १६६१ साली कारतलबखानाची फौज ह्याच बाजूने उंबरखिंडीकडे उतरली, हे आपण जाणताच. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी येथे नौदलाची ‘शिवाजी’ ही शिक्षणसंस्था सुरू झाली. तेव्हापासून जहाजांची यंत्रे चालविणारे तरुण आपली विद्या प्रथम ह्या डोंगरावर शिकतात आणि मग समुद्रावर जातात. आमचे हिंदू कोळी बांधव दर चैत्रात एकवीरेच्या यात्रेस कार्ल्याचा डोंगर चढतात, ते आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सारे घर बरोबर घेऊन. इतकेच काय, नागफणीस येऊन थडकणारे आणि वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ओतणारे ढगही समुद्राकडूनच येतात. तेव्हा कुरवंड्यास समुद्राची गोष्ट सांगणे हे परक्याच्या घरची गोष्ट सांगणे नव्हे.

आमचे बालपण वसईच्या किनाऱ्यावरील एका वाडीत गेले, नोकरीची वर्षे मुंबईत गेली आणि आता उतारवयात बिऱ्हाड ह्या डोंगराच्या आश्रयास आहे. तिन्ही ठिकाणी वृद्ध माणसे जवळून पाहावयास मिळाली. काही वृद्ध समाधानाने वाळूत बसलेले पाहिले. काहींस सर्व सुखसोयी असूनही दिवस खावयास उठलेला पाहिला. ह्या दोहोंत पैशाचा, प्रकृतीचा आणि स्वभावाचा भेद असतोच. पण त्याहून मोठा असा एक भेद आम्हांस दिसत आला आहे. विसावा ही एक विद्या आहे. ती तरुणपणी थोडी थोडी आणि घरच्यांच्या संगतीत शिकावी लागते. जो ती आधी शिकला त्याचे उतारवय सुखाचे होते. जो शिकला नाही त्यास मोकळा वेळ हीच शिक्षा होऊन बसते.

किनाऱ्यावरच्या माणसास ही विद्या समुद्र स्वतःच शिकवितो. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून समुद्रावरच्या माणसाचा दिवस कचेरीच्या घड्याळावर बांधलेला नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, प्रवाहास जोर असतो, आणि त्या प्रवाहात डोल जाळी भरतात. मध्ये भांगाचे दिवस येतात. तेव्हा पाण्याचा ओढ मंदावतो आणि जाळ्यास फारसे लागत नाही. ह्या दिवसांत कोळी घरी असतो. तो जाळे सांधतो, होडीची डागडुजी करतो, सोयऱ्याकडे जाऊन येतो, मुलास जवळ घेऊन बसतो. म्हणजे दर पंधरवड्यास समुद्रच त्यास सांगतो की, ‘बाबा, आता थांब.’

वर्षातून एकदा हाच आदेश अधिक मोठ्याने होतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो, आणि माशांच्या विणीचाही तो काळ; म्हणून अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आपल्या किनाऱ्यावर पाळला जात आला आहे. पाचूबंदरास किंवा उत्तनास ह्या दिवसांत गेलात तर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या दिसतील, आणि ओटीवर तीन पिढ्या एका जाळ्याभोवती बसलेल्या दिसतील. आजोबांची नजर अधू झालेली असते, पण बोटांस गाठ ठाऊक असते. नातवाची नजर तीक्ष्ण असते, पण बोटे अजून शिकावयाची असतात. एकाचे जाळे सांधले जाते आणि दुसऱ्याचे शिक्षण होते. पुढे हंगाम उघडताना धर्मगुरूंकडून होड्यांस आशीर्वाद मिळतो, त्या वेळी आजोबा होडीत चढत नाहीत. पण त्या होडीत त्यांचा हात आहे हे सर्वांस माहीत असते.

वाडीतही हाच प्रकार. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून वसईची सुकेळी होतात. ह्या कामास बळ लागत नाही, पण वेळ लागतो. कित्येक दिवस केळी उन्हात मांडावी, परतावी, संध्याकाळी उचलावी, कावळ्यांपासून राखावी. घरातील तरुण मंडळी बाजारास आणि शेतास गेलेली असतात. तेव्हा हे काम आपोआप आजीकडे येते आणि आजीबरोबर नातवंडे येतात. केळी राखता राखता तिने सांगितलेल्या गोष्टी, म्हटलेल्या प्रार्थना आणि दिलेल्या दटावण्या हीच आमची पहिली शाळा. आजीस कोणी ‘आता तुम्ही विश्रांती घ्या’ असे म्हटलेले आम्हांस आठवत नाही. तिच्या हाती जे काम होते ते तिच्या वयास शोभणारे होते, आणि ते करताना ती एकटी नव्हती.

किनाऱ्यावरचे जुने जीवन गोडच होते असा भास मात्र आम्ही उत्पन्न करू इच्छीत नाही. त्या जीवनात कष्ट होते, कर्ज होते, वादळे होती, आणि पुष्कळांस वार्धक्य लाभतच नव्हते. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मकाळची सरासरी आयुर्मर्यादा सुमारे ३२ वर्षे होती. बालमृत्यूंनी ती फार खाली ओढली होती हे खरे, तरी घरोघरी सत्तरीचे आजी-आजोबा असा तो काळ नव्हता. आज ती मर्यादा सत्तरीच्या आसपास गेली आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख भरली. म्हणजे परमेश्वरकृपेने आणि वैद्यकशास्त्राच्या उपकाराने दीर्घ आयुष्य आपल्या पिढीच्या पदरात पडले आहे, आणि ते कसे घालवावे ह्याचा वडिलोपार्जित कित्ता आपणांजवळ फार थोडा आहे.

त्यातून आपणांपैकी बहुतेक जण नोकरदार. नोकरदारास भांगाचे दिवस नसतात. तीस-पस्तीस वर्षे तो सकाळची गाडी धरतो, रात्री घरी येतो, आणि ५८ किंवा ६० व्या वर्षी एका संध्याकाळी हार आणि श्रीफळ देऊन त्यास सांगण्यात येते की, उद्यापासून सर्व वेळ तुमचा. जी विद्या कोळ्याने पंधरवड्या-पंधरवड्यास गिरविली, ती ह्याने एका रात्रीत आत्मसात करावी अशी अपेक्षा असते! मुलांचे बालपण त्याच्या कचेरीच्या वेळात सरलेले असते. आता त्यास वेळ आहे, तर मुलांस नाही. मग तो घरात हुकूम करू लागतो, किंवा कोपऱ्यात बसून राहतो. बायांची गोष्ट निराळी. त्यांस निवृत्तीच नसते. घरधनी निवृत्त झाला म्हणजे घरधनिणीचे काम वाढते, हे ह्या सभेतील भगिनी आमच्याहून अधिक स्पष्ट सांगू शकतील.

ह्या कोंडीतून सुटण्यासाठी पुष्कळांस एक उपाय सुचतो; तो म्हणजे जागा बदलणे. डोंगरावरचा मनुष्य म्हणतो, समुद्राकाठी एक घर घेऊ. समुद्राकाठचा म्हणतो, लोणावळ्यास बंगला बांधू. हवापालट चांगलीच. परंतु आपल्या आसपास पाहा. किती बंगल्यांच्या फाटकांस कुलूप आहे, आणि आत राखणदाराशिवाय कोणी नाही! वसईच्या बाजूसही वाड्या विकून इमारती उठल्या. ज्या घरांत तीन पिढ्या नांदत होत्या त्यांपैकी कित्येकांत आज दोन म्हातारी माणसे आणि परदेशाहून येणारा दूरध्वनी एवढेच उरले आहे. खिडकीतून समुद्र दिसला म्हणून जेवणाच्या पाटावर सोबत मिळत नाही. उतारवयातील घराची किंमत त्याच्या देखाव्यावर ठरत नाही. त्या घराचा उंबरठा नातवंडे किती वेळा ओलांडतात ह्यावर ती ठरते.

सरकारने २००७ साली आईबाप व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या पालनपोषणाचा कायदा केला. टाकलेल्या आईबापांस त्याने दाद मागण्याची वाट दिली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु कायदा फार तर दरमहाची रक्कम मिळवून देईल. संध्याकाळी शेजारी बसून ‘आज काय झाले?’ असे विचारणारे माणूस तो कोठून मिळवून देणार? ते काम कुटुंबाचे, आणि कुटुंब कमी पडेल तेथे धर्मग्रामाचे.

म्हणून तरुणांस आमची पहिली विनंती अशी की, विसावा निवृत्तीपर्यंत राखून ठेवू नका. आठवड्याचा एक दिवस विश्रांतीस असावा ही आज्ञा आपणांस लहानपणीच मिळाली आहे. तो दिवस बाजारहाटीत आणि कचेरीच्या उरलेल्या कागदांत घालवाल, तर साठाव्या वर्षी मोकळा वेळ अनोळखी पाहुण्यासारखा दारात उभा राहील. रविवारची मिस्सा आटोपल्यावर मुलांस घेऊन आईबापांकडे जा. ते समुद्राकाठी असतील तर त्यांच्याबरोबर वाळूत चाला. येथे असतील तर नागफणीच्या वाटेवर त्यांच्या पावलाने चाला, आपल्या पावलाने नव्हे. आणि त्यांस एखादे काम सांगा. ‘तुम्ही काही करू नका’ हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असले, तरी वृद्धाच्या कानास ते ‘तुमची गरज उरली नाही’ असेच ऐकू येते.

आमच्या वयाच्या मंडळींसही दोन शब्द. आपणांस मान हवा असतो, पण सांध्यातली गाठ दाखवावयास आजोबांनी आधी जाळे हाती घ्यावे लागते. आपली भाषा, आपल्या वाडीची गाणी, सुकेळी करण्याची रीत, जुन्या सणांचे पदार्थ, नातेवाइकांची मांडणी, हे धन आपणांबरोबर मातीत जाऊ देऊ नये. उतारवयात काय होणार, असे म्हणू नका. इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले, त्या वेळी त्यांचे वय पासष्टीच्या पलीकडे गेले होते. १६१९ साली ते निवर्तले. परक्या देशात शिकलेल्या भाषेचे फळ त्यांनी असे उतरत्या वयात आपल्या ओंजळीत घातले. आपणांस पुराण रचावयाचे नाही. एका नातवास आपली बोली नीट बोलावयास शिकविली तरी पुष्कळ झाले.

धर्मग्रामानेही एक गोष्ट मनावर घ्यावी. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा व वृद्धांचा दिवस पाळण्याचा प्रघात घातला. संत अन्ना आणि संत योआकीम, म्हणजे प्रभूचे आजी-आजोबा, ह्यांचा सण २६ जुलैस असतो. म्हणून ती वेळ निवडली आहे. आपल्याकडे तो भर पावसाचा काळ. किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या, डोंगरावर धुके उतरलेले. घरोघरी बसून बोलण्यास ह्याहून चांगला हंगाम कोणता? त्या रविवारी ज्या वृद्धांची मुले दूर आहेत त्यांच्या घरी धर्मग्रामातील एक एक कुटुंब जेवावयास जावो, आणि जेवण आपल्या घरून घेऊन जावो. ह्यास खर्च फारसा नाही. महोत्सवाची पताका उतरली तरी हा परिपाठ चालू राहिला, तर हा महोत्सव सफळ झाला असे आम्ही समजू.

समुद्रावर भरतीनंतर ओहोटी येते, तेव्हा कोळी घाबरत नाही. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूत आणि खडकांत कालवे, तिसऱ्या वेचण्यास बाया-मुले उतरतात. ती मिळकत भरतीच्या वेळी हाती लागत नाही. आपल्या आयुष्याच्या ओहोटीतही असे वेचण्याजोगे पुष्कळ उघडे पडते. मात्र ते वेचावयास घरच्यांनी बरोबर यावे लागते, कारण वाकणे आता आपणांस जड जाते.