तीस रुपयांची बॅटरी

२०१८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्याकडे सुटे भाग जुळवून केलेला एक जुना संगणक होता, सात हजारांत घेतलेला. अकरा वर्षांच्या कविता त्याच्या हार्ड डिस्कवर होत्या आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. वही वापरणं मी ऐटीत सोडून दिलं होतं ना! एका सकाळी बटण दाबलं. विंडोजचं चिन्ह उमटलं, क्षणभर निळा पडदा चमकला आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. दहा वेळा तेच.

दुकानदार म्हणाला, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करणं, एवढं मला ठाऊक होतं. रिक्षात घालून यंत्र घरी परत आणलं.

संध्याकाळी पुतण्या आला. त्याचं म्हणणं असं, की संगणक सुरू होणं ही एक क्रिया नव्हे. आधी वीज येते. मग मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो, मेमरी, कीबोर्ड यांची हजेरी घेतो, डिस्क शोधतो आणि तिच्यावरच्या विंडोजच्या हाती कारभार सोपवतो. याला बूट होणं म्हणतात. बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलायचं, या इंग्रजी कल्पनेवरून आलेला हा शब्द. मला फार आवडला.

तेव्हा गाडी कुठवर जाऊन अडली, ते पाहायचं. पंखाच फिरत नसेल तर आधी वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस तपासा. स्वस्त यंत्रात तीच लवकर दगा देते. पंखा फिरतो, पडदा काळा आणि आतून बीप बीप, तर बहुधा मेमरी. वायर काढून रॅमची पट्टी उपसायची, तिची सोनेरी कड शाळकरी खोडरबरानं हलकी पुसायची आणि घट्ट बसवायची. थट्टा वाटते, पण पुष्कळदा काम होतं. डिस्कमधून टकटक येत असेल तर मात्र यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करू नका.

आमची गाडी विंडोजपर्यंत जात होती. पुतण्यानं आधी पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू केलं. ही फुकट मिळणारी प्रणाली डिस्कवर न बसवताही चालते. तिच्यातून माझ्या कविता उतरवून घेतल्या, तेव्हा कुठे मी चहा प्यायलो.

मग बायोसच्या पानावर तो थबकला. "चाचा, तारीख बघा." १ जानेवारी २००९!

मदरबोर्डवर रुपयाएवढी, तीन व्होल्टची बॅटरी असते, सीआर २०३२. यंत्राची वीज तुटली की घड्याळ आणि मांडणी तीच सांभाळते. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आमच्या घरची शिस्त. त्यामुळे सगळा भार तिच्यावर. ती संपली आणि बायोस आपल्या मूळ मांडणीवर गेला. आमचं विंडोज डिस्कशी एएचसीआय पद्धतीनं बोलायला बसवलेलं. बायोसनं परस्पर जुनी आयडीई पद्धत लावली. विंडोजला समोरची डिस्कच ओळखेना!

नवी बॅटरी घातली, मांडणी पूर्ववत केली, आणि विंडोज निमूट उघडलं. बॅटरी तीस रुपयांना मिळाली. फॉरमॅट सांगणाऱ्या त्याच दुकानात.